फोटोच्या कडेची बाई

आमच्या बावड्याच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत जमिनीचे जुने उतारे आहेत, सोसायटीच्या पावत्या आहेत आणि एक चौकोनी काळा-पांढरा फोटो आहे. सव्वादोन इंच लांब, तेवढाच रुंद. १९७३ च्या उन्हाळ्यातला. मधोमध माझी आई खडीच्या ढिगासमोर बसली आहे. उजव्या हातात हातोडा, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्यावर पदर. ती थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे. तिच्या मागे दोन काठ्यांना लुगड्याचा तुकडा बांधून सावली केली आहे आणि त्या सावलीत जे गाठोड्यासारखे दिसते, तो तीन वर्षांचा मी. फोटोच्या एका कडेला आणखी एक बाई आहे. तिचा अर्धाच देह फोटोत आला आहे, चेहरा धूसर आहे आणि हातोडा डाव्या हातात आहे.

यंदा संपादकांनी या लेखाबरोबर तो फोटो छापायला मागितला. तो इथे का छापलेला नाही, हे सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहिला आहे. पण त्याआधी बराच मागे जावे लागेल.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयटीआय झाल्यावर मोटार वायंडिंगचे दुकान टाकले आणि पंचवीस-तीस वर्षे शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरल्या. दुपारी गिऱ्हाईक नसताना पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर वाचायची सवय लागली, त्यातून पुढे दप्तरखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. आपल्या मुलखाच्या दुष्काळांबद्दल कागद जमवताना एक गोष्ट लक्षात आली. कागद पुष्कळ आहेत, आकडे तर रग्गड आहेत, पण माणसांचे चेहरे नाहीत. चेहऱ्यांचा शोध घेत मी फोटोंकडे वळलो. तेव्हा प्रश्न पडला, की कष्टाच्या, उपासमारीच्या फोटोत हाल दिसतात हे खरे, पण माणसाचे तग धरणे दिसते का? दिसत असेल तर ते नेमके कशात दिसते?

मोजलेला मुलूख

इंदापूर तालुका हा मोजणीच्या इतिहासातला मानाचा तालुका आहे. कंपनी सरकारच्या पहिल्या जमाबंदीचे दर इतके जड बसले, की रयत जमिनी टाकून निघून गेली. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इथूनच नव्याने मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी जमाबंदीचा पुढचा सगळा डोलारा त्या पायावर उभा राहिला. जमिनीचा पोत, विहिरीचे पाणी, बाजाराचे अंतर या साऱ्यांची नोंद झाली. जमीन कसणारा मात्र त्या नोंदीत फक्त खातेदार म्हणून आला.

चाळीस वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, शेजारच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. दख्खनचे दंगे म्हणून हे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्यावर आयोग बसला, जाडजूड अहवाल निघाला, व्याजाचे दर आणि कर्जाचे आकडे छापले गेले. पुढच्याच वर्षी पाऊस गेला आणि १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत जमवून सरकारला कळवली, दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी घटवण्याविरुद्ध झगडा केला. ती वृत्ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण तीही शब्दांतच.

आणि हे सारे घडत होते तेव्हा फोटोचे तंत्र काही अनोळखी नव्हते. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी. स्वतः डॉक्टर असून त्यांनी मुंबईतल्या नाना जातीधंद्यांच्या लोकांची छायाचित्रे काढली. म्हणजे आमच्या भागातले कर्जरोखे जळत असताना कॅमेरा शे-सव्वाशे मैलांवर होता. तो इकडे वळला नाही, एवढेच.

नमुने

तो जिकडे वळला, तिकडे त्याने काय केले? १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड लंडनहून निघाले. वॉटसन आणि के हे त्याचे संपादक. हिंदुस्थानभरच्या माणसांची शेकडो छायाचित्रे त्यात चिकटवली आहेत. बहुतेकांच्या खाली व्यक्तीचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, आणि ही जात प्रामाणिक, ती चोरटी असले शेरे आहेत. बी-बियाण्याच्या दुकानात बरण्यांवर चिठ्ठ्या असतात, तसा प्रकार.

या खंडांसाठी छायाचित्रे देणाऱ्यांत विलोबी वॉलेस हूपर हा मद्रास लष्करातला अधिकारी होता. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यातल्या भुकेल्या माणसांचे फोटो त्यानेच काढले. आपल्या देशातल्या दुष्काळाचे सर्वांत ओळखीचे झालेले पहिले फोटो हेच. बरगड्या मोजता येतील अशी माणसे, पोट खपाटीला गेलेली पोरे, ओळीने बसवलेली, काही एकमेकांना टेकवलेली. त्या काळी ओल्या काचेवर फोटो काढत. काचेला रसायन लावायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. काही क्षण तरी समोरच्याने हलायचे नाही. म्हणजे ज्याला उभे राहायचे त्राण नाही, त्याला कोणीतरी आणून, बसवून, ‘हलू नको’ असे सांगितले असणार. हे ध्यानात आले की तो फोटो वेगळाच दिसू लागतो. मग त्यात भुकेबरोबर हुकूमही दिसतो.

याच हूपरने पुढे १८८६ साली ब्रह्मदेशात मंडालेला कैद्यांना गोळ्या घालतानाचे नेमके क्षण टिपण्यासाठी कॅमेरा लावला. त्यावरून गदारोळ झाला, चौकशी झाली. माणसाकडे नमुना म्हणून पाहायची सवय लागली की ती कुठवर नेते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तरीही हूपरचे फोटो खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. ती भूक खरी होती आणि ती नाकारणाऱ्याला त्या फोटोंपुढे तोंड लपवावे लागते. पुरावा म्हणून ते भक्कम आहेत. पण व्यक्तिचित्र म्हणून ते अपुरे आहेत. त्यांत हाल आहेत, माणूस नाही.

नाव न विचारलेली आई

याच्या उलट टोकाला जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध असा कष्टाचा फोटो आहे. मार्च १९३६, अमेरिकेतला मंदीचा काळ. कॅलिफोर्नियात निपोमो या ठिकाणी वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर सरकारी खात्यासाठी काम करणाऱ्या डोरोथिया लँग यांनी एका बत्तीस वर्षांच्या बाईचा फोटो काढला. दोन मुले तिच्या खांद्यात तोंड लपवून, मांडीवर तान्हे मूल, आणि बाईचा हात गालाशी, नजर कुठेतरी दूर. ‘स्थलांतरित आई’ म्हणून तो फोटो जगभर गेला. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर त्या तळावर अन्नाची मदत पोचली. तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती.

हा फोटो हूपरच्या फोटोंहून फार निराळा आहे. इथे बरगड्या नाहीत. काळजी आहे, विचार आहे, उद्याचा हिशेब आहे. ही बाई आत्ता काहीतरी ठरवते आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. तग धरणे दिसते ते इथे. अंगाच्या कृशपणात ते दिसत नाही, माणूस अजून विचार करतो आहे यात दिसते.

पण लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळले ते १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. ती चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती, हेही नंतरच लोकांना समजले. इतकी वर्षे लोक तिला गोऱ्या शेतकऱ्याची बायको समजत आले होते. आपल्याला त्या फोटोतून एक पैसा मिळाला नाही, नावसुद्धा विचारले गेले नाही, ही तिची तक्रार होती. लँग सरकारी नोकर होत्या, फोटो सरकारचा होता, त्यांनीही त्यावर कमाई केली नाही, हे खरे. तरी तक्रार पैशापुरती नव्हती. आपल्या आयुष्यातली एक दुपार जगाने उचलली आणि आपल्याला न विचारता तिला नाव दिले, ही ती तक्रार होती.

आपल्याकडे हा पेच सुनील जाना यांनी फार जवळून अनुभवला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे त्यांचे फोटो कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये येत. पक्षाचे मराठी पत्र ‘लोकयुद्ध’. गिरणगावातल्या कितीतरी वाचकांना बंगालची भूक अशा पत्रांतून समजली. त्यातून मदतही उभी राहिली. पण मरणाऱ्या माणसासमोर आपण कॅमेरा धरून उभे आहोत, या जाणिवेने जाना अस्वस्थ असत आणि ती अस्वस्थता त्यांनी लपवली नाही. हूपर आणि जाना यांच्या फोटोंत सुमारे पासष्ट वर्षांचे अंतर आहे. पण मला त्याहून मोठे अंतर या अस्वस्थतेचे वाटते.

‘थांबा, पदर घेऊ द्या’

आता पेटीतल्या फोटोकडे येतो.

१९७२-७३ चा दुष्काळ आमच्या पिढीच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सलग अपुरा पाऊस, विहिरींनी तळ गाठलेला, जनावरे बाजारात मातीमोल. सरकारने रस्त्यांची, पाझर तलावांची, खडी फोडण्याची कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रेशनला तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच दुष्काळात बळ मिळाले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. एवढ्या मोठ्या घटनेचे आकडे आपल्याला पाठ आहेत. पण त्या ५० लाखांपैकी एकाचा तरी चेहरा, नावासकट, आपण सांगू शकतो का?

आई गावापासून दोन कोसांवर रस्त्याच्या कामावर जायची. तिथल्या हजेरी घेणाऱ्या कारकुनाकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्या काळी हौशी माणसांत तो फार चालायचा. साधी एक भिंग, १२० चा रोल आणि त्यात बारा चौकोनी फोटो. रोल महाग, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढायचा. एका दुपारी त्याने आईचा फोटो काढला आणि महिन्याने पगाराच्या दिवशी एक प्रत तिच्या हातात दिली.

मी आईला विचारले, “फोटो काढला तेव्हा तुला काय वाटलं गं?” मला वाटले होते ती भुकेबद्दल बोलेल, उन्हाबद्दल बोलेल. ती म्हणाली, “त्यानं मिशीन वर केलं तवा पदर खाली पडला व्हता. म्हनलं, थांबा जरा, पदर घेऊ द्या डोईवर. थांबला बिचारा.”

या एका वाक्याने माझी फोटो पाहण्याची रीतच बदलली. हूपरने समोरच्याला थांबवले होते. इथे समोरच्या बाईने फोटो काढणाऱ्याला थांबवले. तिच्या बोटांना चिंध्या आहेत, कारण खडी फोडताना छिलके उडून बोटे फुटतात. ओठ सुकलेले आहेत. गालफडे बसलेली आहेत. हे सारे हाल फोटोत आपोआप आले, त्यांना कोणी बोलावले नाही. पण डोक्यावरचा पदर आणि सरळ नजर या दोन गोष्टी तिने स्वतः फोटोत आणल्या. तेवढी पाच-सहा सेकंदे तिला मिळाली, म्हणून तो दुष्काळग्रस्त बाईचा फोटो न राहता माझ्या आईचा फोटो झाला.

तेव्हापासून कष्टकऱ्यांचा कुठलाही फोटो हाती आला की मी काही गोष्टी पाहतो. कॅमेरा किती उंचीवर आहे? उभ्या माणसाने बसलेल्याचा फोटो वरून काढला की बसलेला आणखी लहान होतो. आईच्या फोटोत क्षितिज तिच्या डोळ्यांच्या पातळीला आहे, म्हणजे कारकून खाली उकिडवा बसला असणार. हात काय करताहेत? पसरलेला हात आणि हत्यार धरलेला हात यांत फरक आहे. नजर कुठे आहे? आणि सर्वांत शेवटी, हा फोटो त्या माणसापर्यंत परत पोचला का?

कडेला कोण आहे?

बरीच वर्षे मी इथेच थांबलो होतो. फोटोच्या कडेला बसलेल्या बाईकडे माझे लक्ष गेले नव्हते. ती धूसर आहे, याला कारण कॅमेरा. एका भिंगाच्या त्या साध्या कॅमेऱ्यात मधला भाग स्वच्छ यायचा आणि कडा विरघळल्यासारख्या यायच्या. म्हणून मीही ती बाई सोडून देत आलो.

संपादकांचा निरोप आल्यावर मी आईला सांगितले, “फोटो छापायचा म्हणतात.” आता ती पंचाहत्तरीला आली आहे. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि कडेच्या बाईवर बोट ठेवून विचारले, “हिला इचारलंस का?”

“कोण आहे ही?”

“वस्तीतली. वायली बसायची.”

मग तुटक तुटक करत तिने सांगितले. कामावर घागर आमच्या बायकांची. त्या बाईला तहान लागली की ती ओंजळ पुढे करायची आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचे. मी विचारले, “तू पण?” आई थोडा वेळ गप्प राहिली. “मी पन. मी काय येगळी व्हते?” आणि मग आपणहून म्हणाली, “तिचा हात लई बेगी चालायचा. माझा ढीग भरला नाय, की मापाच्या आधी दोन-चार पाट्या इकडं सारायची. तू झोळीत रडायचास, मला उठाया लागायचं ना.”

खडीचे माप भरले तरच मजुरी पूर्ण. म्हणजे त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आलेल्या मिलोत त्या बाईच्या हातोड्याचा वाटा होता. आणि तिला प्यायला पाणी वरून.

बावड्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात ज्या कारणाने आले, ते इथे लिहिणे भाग आहे. १९७२ साली आमच्या गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार घातला गेला. त्या वर्षीच मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या स्थापनेमागची कारणे सांगताना परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावाबरोबर बावड्याचेही नाव घेतले जाते. मी गावचा असून हे मला चाळिशीत, पुण्यात एका ग्रंथालयात बसून कळले. घरात कोणी बोलले नव्हते.

म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दोन बायका एका दुष्काळात आहेत, पण एका वर्षात नाहीत. एकीचे ते दुष्काळाचे वर्ष, दुसरीचे बहिष्काराच्या पाठोपाठ आलेल्या दुष्काळाचे. दोघींच्या हातात सारखाच हातोडा आहे, समोर सारखीच खडी आहे. फोटो त्यांना सारखेच दाखवतो. दोघींच्या मधली हातभर जागा कशाची आहे, हे फोटो सांगत नाही. ते आईच्या तोंडून यावे लागले, तेही पन्नास वर्षांनी. फोटो पुरावा असतो असे आपण म्हणतो. पण तो साक्षीदाराशिवाय अर्धा आहे, हे मी इतके सगळे वाचून नाही, या एका फोटोवरून शिकलो.

‘माझ्या आईचा हा’

ती बाई हयात नाही. तिचा मुलगा नोकरीतून निवृत्त होऊन पिंपरी-चिंचवडला राहतो. पत्ता मिळवून मी गेलो. काय बोलावे ते एसटीत ठरवत होतो, पण दारात उभा राहिल्यावर त्यातले काही आठवले नाही. मी फक्त फोटो पुढे केला.

त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, मोठा करून पाहिला. चेहरा आणखीच विरघळला. मग त्यांनी हाताकडे नेले. “डावखुरी होती. आईच आहे.” बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मी घागरीची गोष्ट सांगितली आणि पाट्यांचीही. घागरीचे ऐकून त्यांना आश्चर्य वाटले नाही. पाट्यांचे ऐकून हसले. बहिष्काराच्या दिवसांबद्दलही ते बोलले. पण ते सांगण्याचा हक्क त्यांचा आहे, मी इथे लिहीत नाही.

मग ते आत गेले आणि भिंतीवरची एक तसबीर काढून घेऊन आले. शेजारी बाबासाहेबांची तसबीर होती, सूट-टायमधली, घरोघरी असते ती. आणलेल्या फोटोत त्यांची आई स्टुडिओतल्या खुर्चीवर ताठ बसली आहे, नऊवारी चापूनचोपून नेसलेली. शेजारी नव्या शर्टात आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मागे रंगवलेल्या पडद्यावर तळे आणि झाडे. दुष्काळी कामाच्या मजुरीतून पैसे बाजूला ठेवून, मुलगा शाळेत वरच्या नंबरात आल्यावर, नीरा ओलांडून अकलूजला जाऊन तो फोटो काढला होता.

मी म्हणालो, “दोन्ही छापू या का?”

ते म्हणाले, “तो फोटो तुमच्या आईचा आहे. माझ्या आईचा हा.” आणि थोड्या वेळाने, “हा घरातच बरा आहे. आणि तो छापू नका. त्यात ती तुमच्या आईच्या कडेला आहे.”

परतताना मी एवढाच विचार करत होतो. स्टुडिओतले फोटो आम्ही अभ्यासक फारसे मोजत नाही. रंगवलेला पडदा, उसनी खुर्ची, कोणाचे तरी मनगटी घड्याळ, हे खोटे म्हणून बाजूला टाकतो, आणि खडीच्या ढिगाला वास्तव म्हणतो. पण गरीब माणसाला जेव्हा स्वतःचा फोटो स्वतः ठरवून काढता येतो, तेव्हा तो खडीचा ढीग निवडत नाही. तो ताठ पाठ निवडतो. ते तळे खोटे होते, पण तिथवर जाण्यासाठी वाचवलेले पैसे खरे होते. त्या फोटोत हाल दिसत नाहीत, हेच तिने हालांना दिलेले उत्तर आहे.

नावानिशी

कष्ट आणि मान, दोन्ही एका चौकटीत येऊच शकत नाहीत असे नाही. मूळचे अकोल्याचे, मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो वर्षानुवर्षे काढले. मॅनहोलमध्ये उतरलेली, कचऱ्याच्या ढिगावर राबणारी माणसे त्यांत आहेत, तशीच ती घरी, आपल्या लेकरांत बसलेलीही आहेत. घाण लपवलेली नाही आणि माणूस घाणीपुरता ठेवलेला नाही. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मला त्या सन्मानापेक्षा त्यांचे पुन्हा पुन्हा त्याच वस्त्यांत जाणे मोलाचे वाटते. एका भेटीत हाल दिसतात. तग कसा धरला, हे दिसायला परत जावे लागते.

दुसरे उदाहरण पी. साईनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाचे. तिथे देशभरच्या जिल्ह्यांतले चेहरे गोळा करण्याचा उपक्रम चालतो आणि चेहऱ्यासोबत नाव, गाव, काम दिलेले असते. ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांनंतर दीड शतकाने का होईना, बरणीवरची चिठ्ठी गेली आणि नाव आले.

आज आमच्या भागात पाणी आहे. नीरा डावा कालवा आहे, उजनीचा फुगवटा आहे, चोहीकडे ऊस आहे. दरवर्षी मराठवाड्यातून तोडणीला टोळ्या येतात. पहाटे डोक्यावर मोळी घेतलेल्या बायकांचे फोटो रस्त्यावरून जाणारी पोरे गाडीवरून न उतरता काढतात. मीही काढले आहेत. एकदा एका बाईने विचारले, “आमाला दिताव का त्यो फोटू?” तेव्हापासून मी प्रती काढून नेऊन देतो. पहिल्याच वेळी तिने प्रत पाहून सांगितले, “उद्या या, लुगडं बदलून बसते.” मी गेलो. दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत आणि दोन्ही तिच्याकडे आहेत. हालांचा फोटो मी काढला, दुसरा तिने काढून घेतला. एकाशिवाय दुसरा अपुरा आहे.

पिंपरीहून आल्यावर आईला सांगितले, की मुलगा नको म्हणाला. “मग नगं छापूस,” ती म्हणाली. नंतर तिने फोटो उलटा करायला लावला आणि मागे दोन्ही नावे लिहून घेतली. त्या बाईचे नाव आईला पन्नास वर्षे ठाऊक होते. मला ते त्या दिवशी कळले. ती नावे फोटोच्या मागे आहेत, तिथेच राहतील.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या कामांवर गेलेली माणसे आता थोडी उरली आहेत. ज्यांच्या पेट्यांत असे फोटो असतील, त्यांनी या दिवाळीत ते बाहेर काढावेत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर धरावेत. मधल्या माणसाचे नाव सगळे सांगतील. कडेला कोण आहे, तेही विचारावे. आणि नाव पेन्सिलनेच लिहावे. शाई पुढे उतरते आणि चेहरा खराब करते.